कातळावरची बिननावाची

वैशू,

तुझी खोली रिकामी करायला सुनीलदादा गावाहून आला होता. कासारवाडीच्या त्या एका खोलीत असं किती सामान असणार? गॅस, कॉट, कपड्यांच्या दोन बॅगा आणि कंपनीनं दिवाळीला दिलेली तीन घड्याळं, तिन्ही खोक्यातच. दुपारपर्यंत सगळं टेम्पोत चढलं. मग त्यानं तुझी जाड वही आणि तुझा फोन माझ्यापुढे धरला. फोनमध्ये शेकडो फोटो, त्यात माणूस एकही नाही. "ह्या सगळ्या गोगलगायींचा काय करूचा?" त्यानं मला विचारलं. तुझ्या सख्ख्या भावाला खरंच कळत नव्हतं ग. मी म्हटलं, माझ्याकडे राहू द्या. तो लगेच हो म्हणाला आणि तोंड फिरवून टेम्पोची दोरी आवळत बसला.

तू असतीस तर आधी त्याचा शब्द सुधारला असतास. समुद्रातली गोगलगाय, आणि तीही बिनशंखाची. शाळेतल्या बाईंसारखं बोट वर करून.

आपली ओळख बंपरवर झाली. चाकणच्या कंपनीत पेंट इन्स्पेक्शनला मी नवीन लागले होते, तू तिथे जुनी. भट्टीतून रंग भाजून आलेले गाड्यांचे बंपर एकामागून एक यायचे, दोन्ही बाजूंना पांढऱ्या ट्यूबांच्या रांगा, आणि आपण दोघी समोरासमोर हातमोजे घालून धुळीचा कण शोधत, रंगाचा ओघळ शोधत. पहिल्या आठवड्यात मी पास केलेले बंपर तू गुपचूप परत ओढून घ्यायचीस आणि खडूनं गोल करून दाखवायचीस. मला राग यायचा. औशाहून आलेली मी, मला वाटायचं ही कोकणातली आपल्याला हिणवते. पुढे कळलं, तू सुपरवायझरच्या आधी पकडत होतीस, म्हणजे माझ्या नावावर चूक जाऊ नये.

एकदा जांभळ्या रंगाची नवीन शेड आली. रंग मिसळायच्या खोलीतले रशीदभाई नमुन्याचा पत्रा घेऊन सगळ्यांना दाखवत होते. सगळे छान म्हणाले. तू लांबूनच म्हणालीस, "भाई, निळा जास्त झालाय." त्यांनी मशीनवर तपासलं तर तसंच निघालं. तुला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं, तर तू म्हणालीस, खरा रंग मी पाहिलाय, आमच्या कातळावर.

जेवणाच्या सुट्टीत तू मला फोटो दाखवलास. ओल्या काळ्या दगडावर बोटाच्या पेराएवढं काहीतरी, दुधासारखं पांढरं, अंगभर लाल ठिपके, कडेनं जांभळी रेघ. मला ती लग्नातल्या जेवणातली जेली वाटली. तू इतकी हसलीस की डबा सांडला.

त्यानंतर बसमध्ये तू माझ्या शेजारी बसायला लागलीस. मोशीला ट्रॅफिक अडकलं की बाकीच्या बायका डोळे मिटायच्या आणि तू शिकवायला लागायचीस. समुद्र मी तोवर टीव्हीवरच पाहिलेला. आमच्याकडे पाणी म्हणजे टँकर. पण तू सांगायचीस आणि मला दिसायचं. ही अंड्यातून निघते तेव्हा हिच्या पाठीवर इवलासा शंख असतो. तेव्हा ती पाण्यात तरंगत असते, लाट नेईल तिकडे जाते. मग कुठूनतरी तिच्या आवडीच्या स्पंजाचा, म्हणजे दगडावर वाढणाऱ्या एका मऊ जिवाचा, वास येतो, तशी ती खाली उतरते, दगडाला चिकटते आणि शंख टाकून देते.

"अगं, घर टाकून देते? मग तिला कुणी खात नाही का?" मी विचारलं.

तू म्हणालीस, ती ज्या स्पंजावर जगते तो विषारी असतो. दुसऱ्या कुणाच्या पोटात तो गेला तर बाधेल. ही तो खाते, त्यातलं विष पचवते आणि आपल्या अंगात साठवून ठेवते. अंगावरचा रंग म्हणजे पाटी लावलेली असते, मला तोंड लावू नका म्हणून. मासा एकदा चव घेतो आणि थुंकतो, पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. श्वास घ्यायचे कल्लेसुद्धा ती पाठीवर उघडे ठेवते, फुलासारखे. कुणी हात लावला की फूल मिटून आत ओढून घेते. डोक्यावर दोन शिंगं असतात, त्यांनी ती वास घेते, वाट शोधते, जोडीदार शोधते. कारण डोळे असून नसल्यासारखे. उजेड आणि अंधार, एवढंच कळतं तिला.

इथे आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हटलं, म्हणजे तिला तिचाच रंग दिसत नाही? तू म्हणालीस, नाही. तिच्या जोडीदाराला? त्यालाही नाही. मग माझं म्हणणं असं की एवढा रंग फुकट गेला. तू म्हणालीस, फुकट कसा, त्यानं तिचा जीव वाचतो. मी म्हटलं, जीव वाचणं वेगळं, आपल्याला कुणीतरी छान दिसतेस म्हणणं वेगळं. तू खिडकीकडे वळत म्हणालीस, "मंगल, तू परत माझ्या लग्नावर येतेयस."

मी येतच होते. तू अडतिशीला आलेली, एकटी, रविवारी दुपारी खोलीत त्या वहीवर वाकलेली. माझ्या मावसभावाचं स्थळ मी तीनदा सांगितलं तुला. तिसऱ्या वेळी तू सगळ्या बससमोर मला समजावून सांगितलंस की ह्या गोगलगायींत प्रत्येकजण नरही असतो आणि मादीही, त्यामुळे समोर आपल्या जातीचं कुणीही आलं तरी जमून जातं, मावसभावाचा फोटो मागवावा लागत नाही. ड्रायव्हरकाका हसत होते. मीही हसले, पण मला लागलं होतं. मी तुझ्या भल्याचंच बोलत होते ग. आजही मला वाटतं, तुझ्या उशाशी कुणी हक्काचं असायला हवं होतं. हे भांडण तू अर्धंच टाकून गेलीस.

शिमग्याला तू मला गावी घेऊन गेलीस. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप मागे हटतं, इतर दिवशी न दिसणारा कातळ उघडा पडतो, असं तू सांगितलं होतंस. तुमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात हेही तेव्हाच कळलं. संध्याकाळी पाचच्या सुमारास आपण उतरलो. माझ्या पायात तू तुझ्या वडिलांचे जुने रबरी बूट घातलेस. शेवाळावरून घसरत, तुझा दंड धरत मी चालत होते. तू दगड उचलायचीस, खाली बघायचीस आणि होता तसाच परत ठेवायचीस. दगड उलटा राहिला तर खाली राहणारे सगळे उन्हानं मरतात, म्हणालीस. मी निष्काळजीपणे एक टाकला, तर तू वाकून सरळ केलास.

आणि मग एका डबक्यात ती दिसली. फोटोतलीच, पांढरी, लाल ठिपक्यांची. पाठीवरचं फूल पाण्यात हलत होतं. ती इतक्या हळू चालत होती की चालते आहे हे कळायलाच वेळ लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि का ते मला आजही सांगता येणार नाही. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "सगळ्यांचं होतं तसं पहिल्यांदा."

वैशू, आता ते सांगते जे आपण दोघी पुन्हा कधी बोललो नाही. सकाळी निघायच्या आधी मी एकटी कातळावर गेले. तू घरात आईला नारळ सोलून देत होतीस. ते डबकं मला आठवत होतं. पाण्याची बाटली रिकामी केली, समुद्राचं पाणी भरलं आणि तिला दगडावरून अलगद ढकलून आत घेतलं. माझ्या आर्याला दाखवायचं होतं. पोरीनं समुद्र पाहिला नव्हता. एक रात्र काढली तरी पुरे, मग विचारू वैशूलाच काय करायचं ते, असं मनाशी ठरवलं. म्हणजे मला माहीत होतं की आधी विचारलं तर तू नाही म्हणशील.

गगनबावड्याचा घाट चढेपर्यंत बाटली मांडीवरच्या पिशवीत होती. ऊन वाढत होतं. कोल्हापूरच्या स्टँडवर मी चहा आणायला उतरले आणि तू बिस्किटासाठी पिशवीत हात घातलास. मी परत आले तेव्हा बाटली तुझ्या हातात होती. पाणी गढूळलं होतं आणि तळाशी शेंबडासारखा एक पांढरट गोळा. ठिपके नाहीत, रेघ नाही. मी काहीतरी बोलायला लागले, आर्या, फक्त एक दिवस, असं काहीतरी. तू मला बोलू दिलंस. मग म्हणालीस, "ती मुळात जगते वर्षभर. तुला एवढी घाई काय होती?"

पुण्यापर्यंत तू डोळे मिटून होतीस. झोपली नव्हतीस.

नंतरचे दोन महिने तू बसमध्ये पुढे बसलीस, रेश्माच्या शेजारी. लाइनवर समोरासमोर उभ्या राहून आपण फक्त बंपरबद्दल बोलायचो. रशीदभाईंनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, क्या हुआ तुम दोनों को? मी काही नाही म्हटलं. मला रोज वाटायचं आज माफी मागू. पण कशाची माफी मागायची हे सांगताना आवाज बारीक व्हायचा. बोटाएवढी गोगलगाय, लोक बोंबील खातात, कोंबड्या कापतात. मीच स्वतःला असं सांगत होते आणि मलाच ते पटत नव्हतं.

मग जूनमध्ये, एका रविवारी सकाळी, तू आमच्या दारात. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. रिजेक्ट झालेल्या बंपरचा कापलेला तुकडा होता, काळा. त्यावर तू रशीदभाईंकडून थेंब थेंब उरलेले रंग घेऊन ती काढली होतीस, ठिपक्यांसकट, फुलासकट, आणि वरून चकाकीचा हात मारला होतास. आर्याला म्हणालीस, ही बघ, आईला दिसलेली. पोरगी हरखली. तिनं शंभर प्रश्न विचारले आणि तू भाकरी खाता खाता शंभरही सांगितलेस. माझ्याकडे बघून तू फक्त म्हणालीस, ठेचा तिखट झालाय. सोमवारी तू माझ्या शेजारी बसलीस.

म्हणजे तू मला माफ केलंस. मी मात्र माफी मागितलीच नव्हती, ती राहून गेली.

त्या दिवाळीत तू गावाहून आलीस ती वेगळीच होऊन. बसमध्ये बसल्या बसल्या फोन माझ्या हातात दिलास. गर्द जांभळी, जवळजवळ काळी वाटावी अशी, आणि कडेनं हळदीसारखी पिवळी किनार. पाठीवरचं फूल तांबडं. मी म्हटलं, ही कोणती? तू म्हणालीस, माहीत नाही. तुझ्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकलं. निसर्गाची आवड असलेले लोक फोटो टाकतात त्या वेबसाइटवर तू तो टाकलास. आठवडाभरात जगातून कुठून कुठून लोकांनी लिहिलं, अमकी असेल, तमकी असेल, आणि मग एकेकानं आपलं म्हणणं मागे घेतलं. शेवटी कोचीकडच्या एका संशोधक बाईंनी तुला लिहिलं. कदाचित ही आजवर कुणी नोंदलेलीच नाही, पण फोटोवरून ठरवता येत नाही, एक नमुना हवा. स्पिरिटमध्ये घालून पाठवा.

तू त्यांना नम्रपणे नाही म्हणून कळवलंस. आणि मी तुझ्याशी तीन आठवडे भांडले.

मी म्हटलं, अगं, एक. एकच. तुझं नाव लागेल तिला, पुस्तकात जाईल. बारावी झालेली लाइनवरची बाई आणि जगात कुणाला माहीत नसलेली गोष्ट तिनं शोधली. तू म्हणालीस, मला ती एकदाच दिसलीय. तिथे दहा आहेत की एकच आहे, मला काय ठाऊक? मी म्हटलं, नाव नसलं तर तिला वाचवायला तरी कोण येणार, उद्या तिथे जेटी बांधतील. ह्यावर तू फोन उघडून पुन्हा तो फोटो बघितलास. ते तुलाही खरं वाटत होतं, मला कळलं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये तू म्हणालीस, "आधी मला ती पुन्हा दिसू दे. दुसरी, तिसरी दिसू दे. मग विचार करू." त्यावर मी जे बोलायला नको होतं ते बोलले. म्हणाले, माझ्या हातून एक फुकट मेली, तुझ्या हातून एक कामासाठी मेली तर काय बिघडलं?

तू माझ्या पिशवीवर हात ठेवलास आणि मोशी येईपर्यंत तसाच ठेवलास.

तू तीन अमावास्यांना गेलीस. सुट्ट्या संपल्या, तरी बिनपगारी रजा टाकून गेलीस. ती दिसली नाही. चौथ्या वेळी जायच्या आधी तुझं पोट दुखायला लागलं, आणि पुढचं सगळं इतकं भरभर झालं की मला अजून त्याचे दिवस लावता येत नाहीत.

दवाखान्यात दुपारी भेटायची वेळ असायची. शिफ्ट बदलून घेऊन मी यायचे. तू बारीक झाली होतीस, डोळे पिवळे. शेवटच्या वेळी तू मला विचारलंस की ह्या अमावास्येला पाणी किती मागे जाईल. मी फोनवर बघून सांगितलं, खूप. तू म्हणालीस, उत्तरेकडच्या कपारीत मी नीट पाहिलंच नाही ग, तिथे पाय घसरतो म्हणून टाळत राहिले. मी म्हटलं, बरी झालीस की जाऊ, मी धरेन तुला. आणि मला वाटलं, आता, आता सांगावं की कोल्हापूरच्या स्टँडवर मी चुकले होते. तेवढ्यात सिस्टर सलाइन बदलायला आल्या, सुनीलदादा औषधं घेऊन आला, आणि मी उद्या येते म्हणून उठले. तू हात हलवलास.

तेराव्यानंतर मी तुझा फोन चार्ज केला. वेबसाइटवर त्या कोचीच्या बाईंचा निरोप होता, ती पुन्हा दिसली का, म्हणून. मी त्यांना काय झालं ते लिहिलं. त्यांचं उत्तर त्याच दिवशी आलं, चांगलं होतं, माणसानं माणसाला लिहावं तसं. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की कधी नमुना मिळालाच आणि ती खरंच नवीन निघाली, तर तिला वैशालीचं नाव देता येईल.

मला दुसरं काही सुचेना. तुझं नाव कुठेतरी राहील. पुसलं न जाणारं. मी मेडिकलमधून स्पिरिट घेतलं, रुंद तोंडाची बरणी घेतली आणि अमावास्येच्या आदल्या दिवशी तुझ्या गावी गेले. सुनीलदादाला सांगितलं तर तो म्हणाला, घेऊन जा, बहिणीचं नाव होतंय तर चांगलंच आहे. तुझ्या आईला मी अंगणात बसून सगळं समजावलं. मावशी ऐकत होत्या, हातातली सुपारी कातरत. मग म्हणाल्या, चल, मी येतंय.

मी नको म्हणत होते. पण संध्याकाळी त्या नऊवारीचा काचा मारून, हातात कालवं, म्हणजे कातळावरचे शिंपले, फोडायची कोयती घेऊन माझ्या पुढे चालायला लागल्या. शेवाळावरून अशा चालल्या जशा मी फलाटावरून चालते. मी उत्तरेकडची कपार म्हटलं, त्यांनी मान हलवली. पाण्यात गुडघाभर उतरून त्या कपारीच्या खालच्या बाजूला वाकल्या आणि मला हातानं बोलावलं.

ती होती, वैशू. जांभळी, हळदीच्या किनारीची. तिच्याजवळ दुसरी होती आणि दोघींच्या मध्ये दगडावर पिवळसर फितीचं गुंडाळं, गुलाबासारखं वळलेलं. तुझ्या वहीत मी तशा फिती पाहिल्या होत्या, ती अंडी. तुला पाहिजे होती तशी दुसरी दिसली होती, आणि येणारीही सगळी तिथे होती. माझ्या पिशवीत बरणी होती. मी ती बाहेर काढली, झाकणही फिरवलं. स्पिरिटचा वास आला.

मावशींनी विचारलं, "वैशूक नको होता मां?"

मी म्हटलं, नाही म्हणाली होती. नंतर म्हणाली, विचार करू.

"मग तिका करूक दी इचार," त्या म्हणाल्या. जणू तू घरात आहेस आणि थोड्या वेळानं सांगशील.

मी झाकण लावलं. कोचीच्या बाईंना मी फोटो पाठवीन, अंड्यांचाही. त्यांना त्यावरून जमलं तर जमलं. तू मला चूक म्हणशील की बरोबर, मला खरंच कळत नाही, आणि हे कुणाला विचारू?

आम्ही दोघी वाकून त्या दोघींकडे बघत राहिलो. मी मावशींना म्हटलं, बिचारीला नावच नाही, एवढ्या मोठ्या लोकांनाही सापडलं नाही. मावशी माझ्याकडे बघायला लागल्या.

"नाव नाय कशाक? ही व्हकल," त्या म्हणाल्या. "कालवां काडूक इल्यार दिसता कधी कधी. माजे सासयेन सांगलेला. बघ, हळदीचो काठ, डोक्यार बाशिंग, मागे वळेसार माळलेलो."

व्हकल म्हणजे नवरी, वळेसार म्हणजे केसांत माळायची फुलांची माळ. एवढं मालवणी तू मला शिकवलं होतंस. मी विचारलं, मावशी, हे वैशूला कधी सांगितलं नाहीत? कितीतरी महिने ती हिचं नाव शोधत होती.

पाणी परत यायला लागलं होतं. मावशींनी कोयती पाण्यात खळबळून धुतली, पदराला पुसली.

"तिना कधी इचारल्यान नाय," त्या म्हणाल्या. "आणि माका वाटला, व्हकल म्हटलंय तर ती म्हणतली, आई परत लगनाचा काडता. म्हणान गप रवलंय."